आकड्यांचं चावडीवाचन

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वर्ष कसं जाणार हे दोन गोष्टींवर ठरतं. एक पाऊस आणि दुसरा आकडा. पावसावर सगळेच बोलतात, आकड्यावर फारसं कोणी लिहीत नाही. म्हणून आज आकड्यावर. (घरच्या मंडळींनो, घाबरू नका. गणित फारसं नाही!)

हा आकडा म्हणजे आणेवारी. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक. पटवारी आणि गावातली चार जाणती माणसं वावरांवर नजर टाकून ठरवायची, की यंदा पीक आठ आणे, किंवा सहा आणे. १९५७ साली रुपयाचे शंभर पैसे झाले आणि कागदावर आणेवारीची पैसेवारी झाली, पण लोकांच्या तोंडी आणेवारीच राहिली. पैसेवारी पन्नासच्या आत आली की टंचाई जाहीर व्हायची, शेतसारा, कर्जाची वसुली, मुलांची परीक्षा फी यात सवलत मिळायची. पन्नासच्या वर गेली की काही नाही. म्हणजे ४९ आणि ५१ यांच्यातल्या दोन पैशांवर अख्ख्या गावाचं वर्ष टांगलेलं. आणि हे दोन पैसे कसे आले, हे विचारायची सोय कुठे होती?

तिथूनच मनात एक प्रश्न येतो. आपल्याबद्दल काढलेला आकडा आपल्याला स्वतः पुन्हा काढून पाहता येतो का? आज हा प्रश्न घेऊन गेलं की वाट थेट ओपन सोर्स सॉफ्टवेअरपाशी पोचते. पण ती कापसाच्या वावरातून जाते, म्हणून तिकडूनच जाऊ.

वऱ्हाडचा कापूस मोजायची पहिली घाई शेतकऱ्याला नव्हती, व्यापाराला होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडावर पडली. १८६० च्या दशकात मध्यप्रांत आणि वऱ्हाडासाठी रिव्हेट-कारनॅक नावाचा खास 'कॉटन कमिशनर' होता. तेव्हा आपल्या जिल्ह्याचं नाव यवतमाळ नव्हतं, वणी होतं; ते १९०५ मध्ये बदललं. याच सुमारास मूर्तिजापूरहून यवतमाळला छोटी रेल्वे आली, तीच आपली शकुंतला. तिचंही मुख्य काम कापसाच्या गाठी वाहायचं. गाठी किती निघणार हा अंदाज मुंबईच्या बाजाराला आधी हवा असायचा. पराटी ज्याच्या वावरात उभी, त्याला तो आकडा कोणी सांगत नव्हतं.

नजरेचा अंदाज सोडून मोजमाप आलं ते १९४० च्या दशकात. रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड इथे शेतीच्या प्रयोगांसाठी नवं संख्याशास्त्र उभं केलं होतं. तिथे काम केलेले रा. ज. कळमकर आणि इंदूरला कापसावर संशोधन करणारे विनायक गोविंद पानसे यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडात कापसाच्या उत्पादनाची नमुना पाहणी केली. चिठ्ठ्या टाकल्यासारखी गावं निवडायची, गावातली वावरं निवडायची, वावरातला एक तुकडा आखायचा आणि तेवढ्यातला कापूस तोलायचा. ज्वारी एकदा कापली की काम संपतं, कापसाच्या मात्र तीन-चार वेचण्या होतात. म्हणजे प्रत्येक वेचणीला त्याच तुकड्यावर परत जायचं. एक वेचणी चुकली की आकडा खोटा.

त्याच काळात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि कलकत्त्याचे महालनोबिस यांच्यात एक मोठा वाद झाला. महालनोबिस लहान तुकडा कापायचे, कारण काम झटपट होतं. सुखात्म्यांचं म्हणणं असं, की तुकडा लहान घेतला की कडेवरची झाडं आत ओढली जातात आणि पीक आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. वाद जाहीर होता, 'नेचर'सारख्या नियतकालिकात झाला. मला यात मोलाचं वाटतं ते हे, की वाद घालता आला. दोघांची पद्धत कागदावर उघडी होती. तुकडा किती, कसा आखला, सूत्र कोणतं, सगळं समोर. पुढे १९५४ मध्ये पानसे-सुखात्मे यांचं शेतीतल्या लोकांसाठी लिहिलेलं संख्याशास्त्राचं पुस्तक आलं आणि कृषी महाविद्यालयांमधल्या कित्येक पिढ्या त्याच्यावर शिकल्या. पेन्सिल, कागद आणि हाताने फिरवायचं गणनयंत्र असलं की झालं.

मग संगणक आला आणि गंमत झाली. आकडेमोड वेगात व्हायला लागली, पण सूत्र डब्यात जाऊन बसलं. 'सॅस' नावाचं प्रसिद्ध पॅकेज १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या विद्यापीठात सुरू झालं, तेही मुख्यतः शेतीच्या प्रयोगांचे आकडे सोडवायला! १९७६ मध्ये त्याची कंपनी झाली. 'एसपीएसएस' १९६८ चं, समाजशास्त्रवाल्यांसाठी. दोन्ही उत्तम, पण परवाना घ्यावा लागे आणि आत काय चाललंय ते बघायची परवानगी नसे. म्हणजे वावरातून निघालेलं शास्त्र कुलपात गेलं, आणि किल्लीची किंमत लहान गावच्या कॉलेजाला परवडणारी नव्हती. मग चोरून केलेली कॉपी, नाहीतर फुल्या-गोळ्या करत कागदावर.

१९७६ मध्येच बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी 'एस' नावाची आकडेशास्त्राची भाषा करायला घेतली. पंधरा-सोळा वर्षांनी न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना शिकवायला तशीच एक लहान भाषा लिहिली. दोघांच्या नावाचं पहिलं अक्षर 'आर', शिवाय इंग्रजीत 'एस'च्या शेजारचं अक्षरही 'आर', म्हणून नाव 'आर'. १९९३ मध्ये त्यांनी ती लोकांपुढे ठेवली. मग झुरिकच्या मार्टिन मेक्लर यांनी आग्रह धरला, की ही जीपीएल परवान्याखाली मोकळी करा. १९९५ मध्ये ती झाली. म्हणजे कोणीही घ्यावी, आत बघावी, दुरुस्त करावी, वाटावी. एकच अट, पुढे देताना कुलूप लावायचं नाही. १९९७ मध्ये व्हिएन्नातून 'क्रॅन' हे भांडार सुरू झालं आणि २९ फेब्रुवारी २००० ला आवृत्ती १.० आली. आज त्या भांडारात वीस हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत. आलेख काढायचं 'लॅटिस' हे गाजलेलं पॅकेज आपल्याच देशातल्या दीपायन सरकार यांचं. ते दिल्लीच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेत शिकवतात आणि 'आर' सांभाळणाऱ्या मुख्य गटातही आहेत.

'आर' वापरत असाल तर एक करून बघा. प्रमाण विचलन काढणाऱ्या फंक्शनचं नाव 'एसडी'. ते कंस न देता नुसतं टाइप करा आणि एंटर मारा. उत्तर येत नाही, ते फंक्शनच पडद्यावर उघडं होतं. विचरणाचं वर्गमूळ काढलंय, बस्स, एवढंच आत आहे. मला हे बघून आपल्याकडचं चावडीवाचन आठवतं. तलाठी गावाला जमवून सातबारा मोठ्याने वाचतो, आणि ज्याला चूक दिसते तो उभा राहून म्हणतो, "थांबा साहेब, ते वावर माझ्या काकाचं आहे." 'आर'मध्ये गणिताचं चावडीवाचन होतं.

कोणी म्हणेल, मोठ्या लोकांच्या गणितात काय बघायचंय? २०१३ चं उदाहरण घ्या. हार्वर्डच्या राइनहार्ट आणि रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी दाखवलं होतं, की देशाचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांच्या वर गेलं की वाढ खुंटते. त्या निष्कर्षाचा दाखला देऊन सरकारी खर्चकपातीचं समर्थन केलं जात होतं. थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची एक्सेलची फाइल मागून घेतली आणि हिशेब पुन्हा केला. सरासरी काढताना पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या! इतरही काही गोष्टींवर त्याचे आक्षेप होते. उणे ०.१ टक्का म्हणून छापलेली वाढ त्याच्या हिशेबात २.२ टक्के निघाली. फाइल मिळाली नसती तर त्या ओळी तशाच राहिल्या असत्या.

आपल्याकडे 'आर' रुजवण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातल्या आणि त्याच्याशी जोडलेल्या शिक्षकांनी फार लवकर 'आर' हातात घेतलं. जयंत देशपांडे आणि सुधा पुरोहित यांचं आयुर्मानाच्या आकड्यांवरचं पुस्तक २००५ च्या सुमाराचं. २००८ मध्ये सुधा पुरोहित, शरद गोरे आणि शैलजा देशमुख यांचं 'आर' वापरून संख्याशास्त्र शिकवणारं पुस्तक आलं. अशा पुस्तकांचं महत्त्व असं, की वणी किंवा पुसदच्या कॉलेजातला विद्यार्थी आणि ऑकलंडचा विद्यार्थी एकाच हत्यारावर बसतात, आणि कोणालाही परवान्यासाठी पत्र लिहावं लागत नाही. पुढे मुंबई आयआयटीत केंद्र सरकारच्या मदतीने 'फॉसी' प्रकल्प उभा राहिला आणि प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मधून मोकळ्या सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही ऐकायला मिळू लागले. त्याच आयआयटीतले प्रभु रामचंद्रन यांनी आकड्यांची त्रिमिती चित्रं काढणारं 'मायावी' लिहिलं, तेही मोकळं. (नाव किती छान आहे ना!)

आता परत यवतमाळला. आकडेही आता बदलले आहेत. २०१६ मध्ये दुष्काळ ठरवायचे केंद्राचे नवे नियम आले. पाऊस, उपग्रहातून दिसणारी हिरवाई, मातीतला ओलावा असे अनेक आकडे एकत्र येतात. त्याच वर्षी पंतप्रधान पीक विमा योजना आली. तिच्यात महसूल मंडळात केलेल्या पीक कापणी प्रयोगांची सरासरी उंबरठा उत्पादनाच्या खाली गेली की भरपाई. म्हणजे पानसे-कळमकरांचा तो आखलेला तुकडा आज थेट शेतकऱ्याच्या बँक खात्याशी जोडलेला आहे. आणेवारीला निदान चार माणसं वावरात दिसायची. आता हिशेब संगणकात होतो, म्हणून तो उघडा असण्याची गरज आधीपेक्षा जास्त.

आणि तसा एक उघडा हिशेब आपल्या जिल्ह्यात झालाही. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे 'पोकरा', हा जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ मध्ये १५ जिल्ह्यांतल्या सुमारे पाच हजार गावांसाठी सुरू झाला. यवतमाळ त्यात होतं. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायचं काम मुंबई आयआयटीकडे होतं. त्यांनी त्यासाठी 'क्यूजीआयएस'वर चालणारी जोडणी पायथन भाषेत लिहिली. 'क्यूजीआयएस' हे नकाशांचं मोकळं सॉफ्टवेअर. २००२ मध्ये अलास्कातल्या गॅरी शर्मन यांनी सुरू केलेलं. या जोडणीत गावाची माती, उतार, पिकं आणि रोजचा पाऊस घालायचा. पडलेल्या पाण्यातलं वाहून किती गेलं, मातीत किती राहिलं, पराटीने आणि तुरीने किती घेतलं, खाली विहिरीकडे किती झिरपलं, हे दिवसागणिक निघतं. कोणत्या दिवसांत पिकाला पाणी कमी पडलं ते नकाशावर रंगाने दिसतं. घाटंजीच्या हलक्या बरड जमिनीत आणि वर्धेकाठच्या काळ्या जमिनीत तोच पाऊस वेगळं पीक का देतो, हे आजोबांना माहीत होतंच. इथे ते आकड्यात येतं, आणि हा आकडा पाहिजे त्याला तपासता येतो.

पण म्हणून सगळं आलबेल झालं असं नाही. सॉफ्टवेअर मोकळं असलं तरी त्यात घालायचे आकडे मोकळे असतीलच असं नाही. पाऊस मंडळाच्या एका केंद्रावर मोजतात आणि तो आजूबाजूच्या कित्येक गावांना लागू होतो. शिवेपलीकडे बरसला आणि आपल्याकडे कोरडं, हे वऱ्हाडात कोणाला नवीन आहे? कोणत्या वावरात कापणी प्रयोग झाला, किती किलो निघाले, हे मागावं लागतं. त्यासाठी २००५ चा माहितीचा अधिकार आहे. एका हातात तो कायदा आणि दुसऱ्या हातात 'आर', असं झालं तरच वर्तुळ पुरं होतं. नुसते आकडे मिळाले तर गठ्ठा, नुसतं सॉफ्टवेअर मिळालं तर रिकामं जातं.

आणि तिसरी गोष्ट माणूस. चावडीवाचनालाही कोणी गेलंच नाही तर तलाठी भिंतींना वाचून दाखवतो. जिल्ह्यात १६ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात गणिताचा एखादा मास्तर, बी.एस्सी. झालेला एखादा पोरगा किंवा पोरगी अशी निघाली, की जी आपल्या मंडळाचे आकडे घेऊन बसेल, सरासरी पुन्हा काढेल आणि चूक दिसली तर उभं राहून "थांबा साहेब" म्हणेल, तर पानसे-सुखात्म्यांपासून ऑकलंडपर्यंतच्या या सगळ्या खटाटोपाचं चीज होईल. यासाठी पैसे लागत नाहीत. एक जुना संगणक आणि संध्याकाळचे दोन तास लागतात.

असो, बरंच लांबलं. तुमच्या ओळखीत असं कोणी पोरगं असेल तर त्याला हे वाचायला द्या. आणि घरच्या मंडळींनो, तुमच्या मंडळात यंदा कापणी प्रयोग कोणाच्या वावरात झाला, तेवढं विचारून ठेवा.