लिएजचा मुकुट

पिनवाले जुने रिव्हॉल्व्हर दिसले की विक्रेता म्हणतो, अमेरिकेच्या यादवीतले, १८६१ चे! तिथे लफोशे पद्धतीची रिव्हॉल्व्हर खरेच गेली होती, म्हणून मीही एकदा फसलो. आता आधी सिलिंडरवर भिंग धरतो. लंबगोलात ई.एल.जी. आणि तारा म्हणजे बेल्जियममधल्या लिएजच्या चाचणीगृहाचा शिक्का. वर मुकुट असेल तर शिक्का १८९३ पासूनचा. मग यादवीची कथा कशी मानायची?

यंत्र मात्र गमतीदार. काडतुसाच्या कुशीतून निघालेली पिन सिलिंडरच्या मागच्या खाचेतून वर डोकावते. चाप ओढला की घोडा वरून पिनेवर आदळतो, पीन आतल्या टोपीवर, आणि बार उडतो. असे भरलेले काडतूस पिनेवर आपटले, तरी धोका.