कैरवानच्या फरशा आणि झेवैल यांचा नकाशा

ट्युनिशियातल्या कैरवानच्या जामा मशिदीत मिहराबभोवती नवव्या शतकातल्या फरशा आहेत. मातीच्या असूनही त्या धातूसारख्या चमकतात. ही कला अब्बासी काळातल्या इराकी कुंभारांनी भांड्यांवर फुलवली. झिलई देऊन भाजलेल्या भांड्यावर ते चांदी-तांब्याच्या क्षारांनी नक्षी काढत आणि धुराने कोंडलेल्या भट्टीत ते पुन्हा भाजत. त्यामुळे झिलईत धातूचे नॅनोकण तयार होत. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

यावरून ‘मुसलमानांनी हजार वर्षांपूर्वीच नॅनोतंत्रज्ञान शोधले’ असे अभिमानाने सांगितले जाते. मला हे पटत नाही. कुंभाराचे कसब अस्सल होते. पण त्याला कृती ठाऊक होती, कारण नव्हे.

कारणाचा शोध फार उशिरा लागला. १८५७ मध्ये लंडनमध्ये मायकेल फॅरेडे यांनी सोन्याच्या सूक्ष्म कणांनी पाणी लाल दिसते हे मांडले. १९०८ मध्ये जर्मनीत गुस्टाव मी यांनी त्याचे गणित सोडवले. प्रकाश पडला की कणातले मुक्त इलेक्ट्रॉन एकसाथ झुलतात आणि कणाभोवती तीव्र विद्युतक्षेत्र उभे राहते. पण ते कणाला बिलगून असते, जरा दूर गेले की विरते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबीच सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर. साध्या सूक्ष्मदर्शकाला एवढे बारीक दिसणार कसे?

२००९ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये अहमद झेवैल आणि सहकाऱ्यांनी वाट काढली. नमुन्यावर लेसरचा क्षणिक झोत सोडायचा आणि त्याच क्षणी इलेक्ट्रॉनांचाही. त्या क्षेत्रातून जाताना काही इलेक्ट्रॉन एक, दोन, तीन अशा पूर्ण फोटॉनांची ऊर्जा घेतात, काही गमावतात. ऊर्जा वाढलेले तेवढे निवडून चित्र घेतले की क्षेत्राचा नकाशा हाती येतो. चांदीच्या नॅनोतारांभोवतीचे क्षेत्र असे दिसले; पुढे चांदीच्या कणांभोवतीचेही.

झेवैल इजिप्तच्या दमनहूरचे, अलेक्झांड्रिया विद्यापीठात शिकलेले. १९९९ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा आपण ‘आपला माणूस’ म्हणून आनंदलो. पण त्यांची प्रयोगशाळा कॅलिफोर्नियात होती. मायदेशी विज्ञाननगरीचा पाया २००० मध्ये घातला गेला. काम मात्र २०११ च्या क्रांतीनंतरच मार्गी लागले.

म्हणून मला वाटते, वारशाचा हिशेब मांडताना फरशा मोजून भागणार नाही. ‘हे असे का चमकते?’ असे विचारणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी आपण किती प्रयोगशाळा उभ्या केल्या, हेही मोजावे लागेल.