यकृताच्या कर्करोगातील वेदनाशमन (वर्धा जिल्हा)

यकृताच्या कर्करोगात उद्भवणारी वेदना काबूत ठेवून रुग्णाचे दैनंदिन जीवन सुसह्य करणारी उपचारपद्धती. यकृताच्या आतील ऊतीला वेदना जाणवत नाही. मात्र गाठ वाढून यकृताभोवतीचे पातळ आवरण ताणले गेले की उजव्या बरगड्यांखाली ठणका लागतो आणि मध्यपटलाच्या चेतातंतूंमुळे तो पुष्कळदा उजव्या खांद्यातही जाणवतो. आवरणाची सूज उतरवण्यासाठी डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड उपयोगी पडते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये मांडलेल्या त्रिस्तरीय पद्धतीत वेदनेच्या तीव्रतेनुसार औषध वाढवत नेतात. परंतु येथे औषधांचा निचरा करणारे यकृतच दुबळे झालेले असल्याने ती जशीच्या तशी लागू करता येत नाही. पॅरासिटामॉल कमी मात्रेत चालते, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधे रक्तस्राव व मूत्रपिंडाच्या इजेच्या भीतीने टाळतात, तर मॉर्फीन अल्प मात्रेत व अधिक अंतराने देतात. मॉर्फीनने होणारी बद्धकोष्ठता यकृतविकारात गुंगी आणू शकते, म्हणून सोबत लॅक्टुलोज देणे अत्यावश्यक ठरते.

जिल्ह्यात सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, जेथे १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली, आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही प्रमुख अध्यापन रुग्णालये आहेत. आर्वी, आष्टी वा कारंजा तालुक्यांतील थकलेल्या रुग्णासाठी या रुग्णालयांपर्यंतचा प्रवासच कष्टाचा असतो, म्हणून घरच्यांना औषधाच्या वेळा व गुंगीची लक्षणे समजावून देणे हा उपचाराचाच भाग होय. अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने वैद्यकीय वापरासाठी मॉर्फीन मिळवण्याची परवाना-प्रक्रिया सुलभ केली आहे.