थायरॉईडची गोळी चालू आहे? मग लोह-कॅल्शियमची वेळ वेगळी ठेवा

भिवंडी : आशाताईंकडून गरोदर बायांना लोहाच्या लाल गोळ्या मिळतात, सोबत कॅल्शियम. पडघा असो की अनगाव, घरोघरी ही पाकिटं दिसतात. पण जिला थायरॉईड कमी असल्याने थायरॉक्सिन चालू आहे, तिने सगळ्या गोळ्या एकदम घेतल्या की घोळ होतो. लोह अन् कॅल्शियम पोटात थायरॉक्सिनला धरून ठेवतात, औषध रक्तात पुरतं उतरतच नाही. गोळी रोज चालू, तरी टीएसएच वाढलेलाच अन् थकवा तसाच. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉईडवर असते, म्हणून हे साधं दुर्लक्ष महागात पडतं.

थायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत. चहासुद्धा अर्ध्या-एक तासाने. बाकी गोळ्या 4 तासांनंतरच. सकाळी 6 ला थायरॉक्सिन, दोन्ही जेवणांसोबत कॅल्शियम, रात्री जेवल्यावर 2 तासांनी लोह, असं बसवता येतं. लोह अन् कॅल्शियमही एकत्र नकोच.

केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगा, त्याने थायरॉईडचा रिपोर्ट चुकतो. डोस बदलला की साधारण 6 आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासतात, गरोदरपणात त्याआधीच. बरं वाटलं म्हणून गोळी मनाने बंद करू नये.