नाताळच्या तबकड्या



डिसेंबर उजाडला कीं नाताळच्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका पुन्हां वाजूं लागतात, आणि त्यांतल्या कोणत्या मुद्दाम ऐकाव्या, असा प्रश्न संगीताच्या नादी माणसाला हटकून विचारला जातो. मी तीनच नांवें सांगणार आहें. परंतु नुसतीं नांवें सांगून भागावयाचें नाहीं. ज्या घरीं जातां येत नाहीं त्या घराची ओढ, जीं माणसें परत यावयाचीं नाहींत त्यांची आठवण, ही ह्या तिन्ही मुद्रिकांच्या मुळाशीं आहे, आणि त्यांचा इतिहास ठाऊक असल्यावांचून ती कानाला नीट जाणवत नाहीं.

प्रथम 'आल्बम' ह्या शब्दाविषयीं. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटें मावत. आपल्याकडील नाट्यसंगीताच्या रसिकांना ही अडचण चांगली परिचयाची आहे. रंगभूमीवर 'वन्स मोअर' घेत घेत फुलणारें पद तबकडीवर तीन मिनिटांत आटोपावें लागे. मोठी रचना द्यावयाची तर अनेक तबकड्या लागत, आणि त्या कागदी खिशांच्या जाड वहींत घालून विकीत. ही वही छायाचित्रांच्या वहीसारखी दिसे, म्हणून तिला तेंच नांव पडलें. १९०९ सालीं ओडियन कंपनीनें चायकोव्हस्कीच्या 'नटक्रॅकर'चें संगीत चार तबकड्यांच्या संचांत विक्रीस काढलें. अशा संचांचें आद्य उदाहरण म्हणून त्याचेंच नांव बहुधा घेतलें जातें. 'नटक्रॅकर'ची कथा नाताळच्या आदल्या रात्रीं घडते. तेव्हां आल्बमचें आणि नाताळचें नातें जवळजवळ जन्मापासूनचें आहे.

आतां पहिलें नांव. बिंग क्रॉस्बी ह्या अमेरिकन गायकाचा 'मेरी ख्रिसमस' हा पांच तबकड्यांचा संच डेक्का कंपनीनें १९४५ सालीं काढला. त्यांतलें 'व्हाइट ख्रिसमस' हें गाणें आयर्व्हिंग बर्लिन ह्याचें. बर्लिन १८८८ सालीं रशियन साम्राज्यांत एका यहुदी कुटुंबांत जन्मला आणि पांच वर्षांचा असतां आईबापांबरोबर न्यूयॉर्कला आला. पियानो त्याला एकाच पट्टींत वाजवितां येई. आपले पेटीवाले जिला 'काळी तीन' म्हणतात, ती ही पट्टी. दुसरी पट्टी लागल्यास ती दांडा सरकवून बदलण्याची सोय असलेला खास पियानो तो बाळगीत असे! अशा माणसानें ख्रिस्ती जगाचें सर्वांत लोकप्रिय नाताळगीत लिहावें, ही मौजेची गोष्ट खरी. पण तिला दुसरी एक बाजू आहे. १९२८ सालच्या २५ डिसेंबरला बर्लिनचा अवघ्या कांहीं आठवड्यांचा मुलगा वारला. गाण्यांत त्याचा उल्लेख अर्थातच नाहीं. तथापि आनंदाच्या सणाचें हें गाणें इतकें उदास कां, असें ज्याला वाटेल त्यानें ती तारीख लक्षांत ठेवावी.

गाण्याच्या प्रारंभीं बर्लिननें एक छोटी प्रस्तावना लिहिली होती. तींत कॅलिफोर्नियांतील ऊन आहे, ताडाचीं झाडें आहेत, आणि उत्तरेकडच्या थंडीची आठवण काढणारा माणूस आहे. क्रॉस्बीच्या तबकडींत ही प्रस्तावना गाळलेली आहे. त्यामुळें गाणारा बर्फांत उभा आहे असें ऐकणाऱ्यास वाटतें. वस्तुतः तो बर्फापासून दूर आहे, म्हणूनच गातो आहे. तबकडीचें मुद्रणही लॉस एंजेलिस येथें २९ मे १९४२ रोजीं, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर झालें. क्रॉस्बीनें हें गाणें प्रथम नभोवाणीवर म्हटलें तें १९४१ च्या नाताळच्या दिवशीं. पर्ल हार्बरवरील हल्ल्याला तेव्हां अठराच दिवस झाले होते. पुढें पॅसिफिकच्या उष्ण बेटांवर पडलेल्या अमेरिकन सैनिकांनीं ह्याच गाण्याची मागणी लष्करी नभोवाणीकडे पुनःपुन्हां केली. गाण्यांत युद्धाचा एक शब्दही नाहीं, हें त्याचें बळ होय असें मला वाटतें.

ह्या तबकडीच्या प्रती इतक्या काढल्या गेल्या कीं मूळ साचाच झिजला. म्हणून १९ मार्च १९४७ रोजीं त्याच वाद्यवृंदासह आणि त्याच साथीच्या गायकांसह तें गाणें पुन्हां मुद्रित करावें लागलें. आज बहुधा ऐकूं येतें तें हें दुसरें मुद्रण. मिळाल्यास १९४२ चें मुद्दाम मिळवून ऐकावें. त्यांतला आवाज मला अधिक जवळचा वाटतो. ह्या गाण्याचा एक विलक्षण उपयोग पुढें झाला. एप्रिल १९७५ मध्यें सायगांव सोडून जाण्याची वेळ आली तेव्हां तेथील अमेरिकनांना निघण्याची खूण म्हणून लष्करी नभोवाणीनें हेंच गाणें वाजविलें. घरीं जाण्याची इच्छा आणि घरीं जाण्याचा हुकूम, दोन्हींना एकच चाल पुरली.

दुसरें नांव इंग्लंडचें. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या प्रार्थनामंदिरांत २४ डिसेंबर १९१८ रोजीं नऊ पाठ आणि त्यांमधून गायिलीं जाणारीं नाताळगीतें असा विधि प्रथम झाला. तो बसविणारे एरिक मिलनर-व्हाइट महायुद्धांत सैन्याचे धर्मोपदेशक होते. तहनाम्याला अवघे सहा आठवडे झाले होते, आणि कॉलेजचे कितीतरी तरुण परत आले नव्हते. दिवंगतांचें स्मरण प्रारंभींच्या प्रार्थनेंतच गोंविलेलें आहे. १९१९ पासून विधीचा आरंभ एका मुलाच्या एकट्या, साथीविरहित आवाजानें होतो. कोणता मुलगा गाणार, हें ऐन वेळीं ठरवितात. १९२८ पासून हा विधि नभोवाणीवरून ऐकविला जातो, व खंड पडला तो फक्त १९३० सालीं. दुसऱ्या महायुद्धांत मंदिराच्या रंगीत कांचा उतरवून सुरक्षित ठेवल्या होत्या, तरीही गाणें चालूं राहिलें. केवळ स्थळाचें नांव सांगत नसत. डेव्हिड विल्कॉक्स ह्यांच्या नेतृत्वाखालील १९५८ सालची मुद्रिका घ्यावी. उंच दगडी छताखालीं प्रत्येक स्वर विरतांना जो अवकाश घेतो, तो तींत ऐकूं येतो.

तिसरें नांव सांगतांना कांहीं श्रोते भुंवया उंचावतील, कारण तें मुलांच्या चित्रकथेचें आहे. 'चार्ली ब्राउन'च्या नाताळाचा कार्यक्रम अमेरिकन दूरचित्रवाणीवर ९ डिसेंबर १९६५ रोजीं दाखविला गेला, आणि त्याचें संगीत पियानोवादक व्हिन्स ग्वाराल्डी ह्यानें केलें. सगळीकडे उत्सव चालूं असतां आपल्याला आनंद कां होत नाहीं, असा ह्या कथेंतल्या मुलाचा प्रश्न आहे. वाहिनीच्या अधिकाऱ्यांना त्यांतलें जॅझ संगीत मुळींच रुचलें नव्हतें. लोकांनीं मात्र तें उचलून धरलें. पियानो, बास आणि ढोल इतकाच सरंजाम. मधून कॅलिफोर्नियांतील एका चर्चच्या मुलांचा समूहस्वर. त्या मुलांचे सूर कोठें कोठें हलतात. मुद्रण करणारांनीं ते तसेच राहूं दिले आहेत. सायंकाळीं दिवे लागल्यावर ही मुद्रिका हळू आवाजांत लावावी. मोठ्यानें लावल्यास तींतला पियानो हरवतो.