रुग्णपरीक्षा : वैद्याच्या हातून परिचारिकेच्या हाती

परिचर्या शिकणाऱ्या विद्यार्थिनीला रुग्णपरीक्षेचे चार प्रकार क्रमाने शिकवतात : डोळ्यांनी पाहणे, हाताने चाचपणे, बोटाने ठोकणे आणि नळीने ऐकणे. पोटाच्या बाबतीत मात्र ऐकणे चाचपण्याच्या आधी येते, कारण हात दाबल्याने आतड्यांचे आवाज बदलू शकतात. यांपैकी पाहणे आणि स्पर्श करणे हे पुरातन. आपल्या वैद्यांनीही दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी त्रिविध परीक्षा सांगितली आहे. ठोकणे आणि नळीने ऐकणे यांचा इतिहास मात्र अलीकडचा असून मोठा उद्बोधक आहे.

व्हिएन्नातील एका रुग्णालयाचा वैद्य लिओपोल्ड आउएनब्रुगर हा खाणावळवाल्याचा मुलगा. बापाच्या तळघरातील पिपे ठोकून मद्य कुठवर आहे हे ओळखण्यावरून त्याला युक्ती सुचली, असे सांगतात. ही कथा खरी असो वा नसो, आपल्या घरांतूनही धान्याच्या डब्यावर टिचकी मारून तो कितपत भरला आहे याचा अंदाज घेतातच. निरोगी छातीचा आवाज कापड घातलेल्या ढोलासारखा येतो. आत पाणी साठले की तो बद्द होतो. सात वर्षांच्या निरीक्षणानंतर १७६१ मध्ये त्याने हे एका छोट्या लॅटिन पुस्तकात मांडले. वैद्यांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. नेपोलियनचा वैद्य कॉर्व्हिसार याने १८०८ मध्ये त्याचे फ्रेंच भाषांतर केले तेव्हा कुठे पद्धतीला मान मिळाला, आणि पुढच्याच वर्षी आउएनब्रुगर वारला!

पॅरिसच्या नेकर रुग्णालयात १८१६ मध्ये लेनेक याच्यापुढे हृदयविकाराची लक्षणे असलेली एक स्थूल तरुणी आली. तिच्या छातीला थेट कान लावणे त्याला प्रशस्त वाटेना. त्याने कागदांची घट्ट सुरळी करून एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरे आपल्या कानाला लावले. हृदयाचे ठोके नुसत्या कानापेक्षा स्पष्ट ऐकू आले. संकोचातून स्टेथॉस्कोप जन्मला, असे म्हणायला हरकत नाही. त्याचा ग्रंथ १८१९ मध्ये निघाला. १८२६ मध्ये तो क्षयाने गेला.

ही साधने वैद्यांची झाली खरी, पण वैद्य खाटेपाशी थांबतो किती वेळ? रात्री ताप चढतो, श्वास उथळ होतो, तेव्हा जवळ असते ती परिचारिका. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात जिच्या नावाने परिचारिकांची शाळा निघाली, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलने हे नेमके ओळखले होते. ‘झोप बरी लागली का?’ हा प्रश्न तिला पसंत नव्हता; किती तास झोप लागली आणि रात्रीच्या कोणत्या वेळी, हे विचारायला ती सांगे.

लाइप्झिगच्या वुंडरलिखने १८६८ मध्ये हजारो रोग्यांच्या तापाच्या नोंदी मांडून ताप हे मोजण्याचे लक्षण ठरवले. तापमापक फूटभर लांब असे. इंग्लंडच्या ऑलबटने सुमारे सहा इंचांचा केला, तो पाच मिनिटांत ताप सांगे. हे साधन परिचारिकेच्या हाती लवकर आले. स्टेथॉस्कोप मात्र बराच काळ वैद्याच्याच गळ्यात राहिला. परिचारिकेने पाहावे, मोजावे. अर्थ लावणे तिचे काम नव्हे, अशी समजूत होती. आम्हांला ही विभागणी कृत्रिम वाटते, कारण अर्थ कळल्याखेरीज नेमके पाहताच येत नाही.

अमेरिकेत १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालवैद्य यांनी परिचारिकांना बालकांची संपूर्ण शारीरिक परीक्षा शिकवण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. पुढे ही परीक्षा परिचर्येच्या सामान्य शिक्षणातही आली. त्यामुळे ‘रोगी बरा दिसत नाही’ एवढ्यावर न थांबता रात्रपाळीची परिचारिका डॉक्टरांना कळवू शकते : श्वास मिनिटाला ३२, उजव्या फुप्फुसाच्या तळाशी आवाज बद्द, तिथेच बारीक चुरचुर, संध्याकाळी हे नव्हते.