उमरग्याच्या रस्त्यावरील अक्षरें आणि चित्रें

सौंदर्याचा विषय निघाला म्हणजे आपल्या सुशिक्षित वर्गाचें मन एकदम अजिंठ्याच्या लेण्यांकडे, नाहींतर एखाद्या मोठ्या शहरांतील चित्रसंग्रहालयाकडे धांव घेतें. परंतु लेणीं मनुष्य जन्मांत दोनचार वेळां पाहतो. त्याची दृष्टि रोज घडते ती घराबाहेर पाऊल टाकतांच समोर येणाऱ्या वस्तूंनीं. दुकानावरील पाटी, पंचांगाचें मुखपृष्ठ, पत्रावरील तिकीट, बैठकींतील तसबीर, मोटारीच्या कपाळावर लिहिलेलें गांवाचें नांव, ह्यांचा इतिहास लिहिण्याच्या योग्यतेचा आहे असें सहसा कोणी मानीत नाहीं. तो थोडासा सांगावा असा प्रस्तुत निबंधाचा हेतु आहे. आणि त्यासाठीं आम्हीं स्थळ निवडलें आहे तें धाराशिव जिल्ह्यांतील उमरगा.

हें गांव निवडण्यास कारण आहे. सोलापुराहून हैदराबादेस जाणारा राजमार्ग नळदुर्ग मागें टाकून उमरग्यास येतो आणि पुढें थोड्याच अंतरावर कर्नाटकाची सीमा ओलांडतो. त्यामुळें ह्या एका रस्त्यावर तीन लिप्या प्रवाशाला भेटतात. आपलें बाळबोध अक्षर शिरोरेषेला टांगलेलें असतें. बोरूच्या तिरप्या टोंकामुळें त्याची एक रेघ जाड व दुसरी बारीक उमटते. कानडी अक्षर वाटोळें. ताडपत्रावर लोखंडी लेखणीनें आडवी सरळ रेघ ओढली तर पान चिरतें, म्हणून दक्षिणेकडील लिप्यांनीं वळण घेतलें असें सांगतात. उर्दूचा नस्तालीक हा उजवीकडून डावीकडे, उतारावरून पाणी ओघळावें तसा उतरतो. बोरू, लोखंडी लेखणी आणि कलम ह्या तीन साध्या हत्यारांचीं तीन निरनिराळीं सौंदर्यें अर्ध्या तासाच्या प्रवासांत पहावयास मिळतात. पैसे पडत नाहींत. मान मात्र वर करावी लागते.

ह्या तिन्ही लिप्यांचें नातें नेहमींच समानतेचें नव्हतें. उमरगा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. तेथें १८८४ मध्यें फारसीच्या जागीं उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. गांवचा कुळकर्णी आपलें दप्तर मोडींत लिही. पण कचेरीच्या दारावरील अक्षर त्याचें नव्हतें. मराठीला राज्याकडून जी थोडी जागा मिळाली होती तींत एक जागा मोठी गमतीची आहे. १८७१ मध्यें निघालेल्या हैदराबादी टपालाच्या तिकिटांवर उर्दू व इंग्रजी यांबरोबर तेलुगू आणि मराठी अक्षरेंही कोरलेलीं होतीं. नखाएवढ्या चौकटींत चार लिप्या बसविणें, आणि एकीनें दुसरीला ढकलून देऊं नये अशी व्यवस्था राखणें, हें कसबाचें काम आहे. पत्र लिहिणारा त्याला जीभ लावून चिकटवी आणि विसरून जाई.

पुढें १९३१ मध्यें त्या राज्यानें चित्रांचीं तिकिटें काढलीं. एक आण्यावर चारमिनार, दोन आण्यांवर उच्च न्यायालय, चार आण्यांवर उस्मानसागर तलाव, आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचें प्रवेशद्वार, बारा आण्यांवर बिदरचा मदरसा आणि एक रुपयावर दौलताबादचा मिनार. चारमिनाराचें दर्शन एक आण्यांत घडे. आपल्या मराठवाड्यांतील अजिंठ्यासाठीं आठ आणे व दौलताबादेसाठीं पुरा रुपया मोजावा लागे! तरीसुद्धां ज्यानें आयुष्यांत तालुक्याबाहेर पाऊल टाकलें नव्हतें अशा मनुष्याच्या हातीं क्वचित् एखाद्या जाड लखोट्यावरून दौलताबाद आलेलें असेल, हें कमी नाहीं. हीं तिकिटें मात्र राज्याच्या हद्दींतच चालत.

आतां ह्या मुलखांत छापील मराठी अक्षर कोठून आलें तें पाहूं. तें हैदराबादेहून फारसें आलें नाहीं. तें पश्चिमेकडून, मुंबई-पुण्याहून आलें. आणि मुंबई-पुण्यासही तें सहजासहजीं मिळालेलें नव्हतें. नाना फडणविसांच्या काळीं पुण्यांत एका तांबटानें तांब्याच्या पत्र्यावर अक्षरें खोदण्याची विद्या इंग्रज वकील मॅलेट ह्याच्या आश्रयानें हस्तगत केली. नाना १८०० मध्यें वारले. तेव्हां तो कारागीर मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांकडे गेला, आणि तेथें १८०५ मध्यें भगवद्गीता छापून निघाली. त्याच वर्षी तिकडे बंगालमध्यें श्रीरामपूर येथें विल्यम कॅरेनें आपलें मराठी व्याकरण सुट्या खिळ्यांनीं छापलें. मिरजेची पद्धति अशी कीं, एक पान म्हणजे एक पत्रा. पान बदललें कीं सारें खोदकाम पुन्हां आरंभापासून. श्रीरामपुरास तेंच अक्षर हजार पुस्तकांत हजार वेळां वापरतां येई. पुढला काळ खिळ्यांचा आला ह्याचें कारण येवढेंच.

पण रोमन अक्षराचा खिळा आणि आपल्या अक्षराचा खिळा ह्यांत महदंतर आहे. इंग्रजी अक्षरें एका ओळींत शेजारीं शेजारीं बसतात. आपल्या ओळीचे तीन मजले आहेत. मधल्या मजल्यावर अक्षराचा देह, माथ्यावर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार, आणि पायथ्याशीं उकार व ऋकार. शिवाय जोडाक्षरांचें गणित निराळेंच. त्यामुळें इंग्रजी जुळाऱ्यापुढें शंभराच्या आंतबाहेर घरें, तर मराठी जुळाऱ्यापुढें कित्येक शें. ह्या अडचणीशीं झगडत मुंबईंत अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम ह्यानें मराठी खिळे सुधारले. आणि त्याच छापखान्यांत काम केलेल्या गणपत कृष्णाजी ह्यांनीं स्वतःचा छापखाना घातला. त्यांनीं १८३१ मध्यें पहिलें मराठी पंचांग शिळाछापावर काढलें. छापलेलें पंचांग सोवळ्यास चालेल काय, ही त्या वेळीं खरी शंका होती. आणि शाईंत चरबीऐवजीं तूप घालून त्यांनीं तिचें निरसन केलें असें सांगतात.

तिसरें नांव जावजी दादाजी ह्यांचें. हा १८३९ मध्यें जन्मलेला गरिबाचा मुलगा. वयाच्या दहाव्या वर्षी महिना दोन रुपयांवर मिशनच्या छापखान्यांत खिळे घांसावयास बसला. त्यानें १८६४ मध्यें स्वतःची ओतशाळा काढली व १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना. त्यांच्या अक्षराचें वळण ज्यानें पोलादांत कोरलें त्या राणोजी रावजी आरू ह्यांचें नांव मात्र किती वाचकांनीं ऐकलें असेल? हें काम असें होतें: पोलादाच्या कांडीच्या टोंकावर अक्षर उलटें कोरावयाचें, तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करावयाचा, आणि साच्यांत शिशाचा रस ओतून खिळा काढावयाचा. कोरतांना केंसभर चूक झाली तर ती चूक पुढें लाखों वेळां छापली जाणार. आपल्या आज्यापणज्यांनीं ज्या अक्षरांत गीता वाचली, पंचांग पाहिलें, बाळबोध गिरविली, त्या अक्षराचें वळण अशा एका कारागिराच्या मनगटांतून उतरलें होतें. मराठी मनुष्यास ‘सुंदर अक्षर’ म्हणून आज जें डोळ्यांपुढें उभें राहतें तें बरेंचसें निर्णयसागरी आहे, आणि तें तसें आहे हें त्यास ठाऊकही नसतें.

उमरग्याच्या बाजूस ह्या अक्षराला एक अधिक अर्थ होता. हैदराबादेंत उर्दू पुस्तकें बहुधा शिळाछापावर निघत; कारण नस्तालीकचा उतार शिशाच्या चौकोनी खिळ्यांत मावत नाहीं, आणि कातिबाच्या हातची मजा दगडच जशीच्या तशी उमटवितो. तीही मोठी कला होती. पण मराठी मुलास स्वभाषेंतील छापील पान पहावयास मिळणें कठीण झालें होतें. हैदराबादेंत लक्ष्मणराव फाटकांनीं १९२० मध्यें ‘निजाम विजय’ हें साप्ताहिक काढलें. पुढें आ. कृ. वाघमारे ह्यांच्या ‘मराठवाडा’ पत्रावर बंदीमागून बंदी आली, आणि तें नांवें बदलून बदलून निघत राहिलें. पत्राचें शीर्ष म्हणजे त्याचा चेहरा. तोच वारंवार बदलावयास लागावा आणि वाचकांनीं तरीही मनुष्य ओळखावा, असा हा प्रकार होता. उमरग्याच्या परिसरांतील हिप्परगा येथें १९२१ मध्यें राष्ट्रीय शाळा निघाली. स्वामी रामानंद तीर्थ हे १९२९ पासून १९३५ पर्यंत तिचे मुख्याध्यापक होते. अशा शाळेंत फळ्यावर लिहिलेल्या बाळबोध अक्षराला केवळ अक्षराची किंमत नव्हती. कोणत्या लिपींत पाटी लिहावी हा जेथें राज्याचा प्रश्न होतो, तेथें मुलाच्या सुंदर अक्षराचाही स्वाभिमानाशीं संबंध पोंचतो.

येथवर अक्षरांची कथा झाली. चित्रांचीही कथा ह्याच रस्त्यावर सांपडते. कॅप्टन मेडोज टेलर १८५३ ते १८५७ ह्या काळांत नळदुर्ग जिल्ह्याचा अधिकारी होता. कादंबरीकार म्हणून तो प्रसिद्ध आहेच. १८६६ मध्यें लंडन येथें विजापुरच्या वास्तुशिल्पावर छायाचित्रांचा एक भव्य ग्रंथ निघाला. त्याचा ऐतिहासिक भाग टेलरनें लिहिला. नळदुर्गच्या किल्ल्यांतील बोरी नदीवरील धरणांतला पाणीमहाल विजापुरकरांच्याच कारकीर्दींतला. तेव्हां लेखक त्या शैलीच्या सहवासांत राहिलेला होता. ह्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ज्यांनीं छायाचित्रें घेतलीं त्या साहेबांचीं नांवें आहेत. ज्यांच्या रेखाचित्रांवरून कांहीं छायाचित्रें घेतलीं त्यांत ‘एतद्देशीय नकाशानवीस’ असा नुसता उल्लेख आहे. नांव नाहीं. आरूंच्या शेजारीं बसविण्यासारखे हे आणखी कांहीं कारागीर!

त्या काळचें प्रवासी छायाचित्रण म्हणजे आजच्यासारखें बोट दाबण्याचें काम नव्हतें. कांचेच्या पट्टीवर औषधी लेप द्यावयाचा, ती ओली असतांनाच यंत्रांत घालून चित्र घ्यावयाचें, आणि सुकण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूंत नेऊन धुवावयाचें. दक्षिणेच्या उन्हाळ्यांत लेप किती त्वरेनें सुकत असेल ह्याची कल्पना करावी. कांचा, बाटल्या, तंबू आणि पाणी ह्यांचा बोजा बैलगाडीवर. म्हणून यंत्राचें तोंड उघडण्यापूर्वी छायाचित्रकार त्या वास्तूभोंवतीं हिंडे, ऊन कोणत्या प्रहरीं कोणत्या खांबावर येतें तें पाही. निजामाचे दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ हे मूळचे रूडकीस शिकलेले व इंदुरास नोकरीस असलेले. त्यांना १८९४ मध्यें ‘मुसव्विर जंग’ हा किताब मिळाला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. यंत्रानें चित्र काढणाऱ्यास दरबारानें चित्रकार म्हटलें, ह्यांत त्यांच्या पाहण्याचा गौरव आहे.

छायाचित्राचें मोल किती, हें अजिंठ्याच्या एका हकीकतीवरून दिसतें. मेजर रॉबर्ट गिल ह्यानें १८४४ पासून वर्षानुवर्षें खपून तेथील चित्रांच्या रंगीत नकला केल्या; त्यांतील बहुतेक १८६६ मध्यें लंडनच्या स्फटिकमहालास लागलेल्या आगींत भस्म झाल्या. त्यानेंच अजिंठा-वेरूळचीं घेतलेलीं छायाचित्रें मात्र १८६४ मध्यें पुस्तकरूपानें निघालीं होतीं, म्हणून राहिलीं. आणि उमरग्याच्या लोकांना हें मोल सांगावयास अजिंठ्यापर्यंत जावें लागत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आणि औसा व उमरगा तालुक्यांतील गांवेंच्या गांवें मातीखालीं गेलीं. हजारों माणसें गेलीं. घराबरोबर भिंतीवरची तसबीरही गेली. ज्याचें आयुष्यांत एकच छायाचित्र निघालें होतें त्याचा चेहरा पुढच्या पिढीस पारखा झाला. रोजच्या डोळ्यांसमोरची वस्तु म्हणून तिच्याकडे आपण पाहत नाहीं. ती नाहींशी झाल्यावर भिंत उघडी दिसते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली. १९५६ मध्यें मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला, व १९६० मध्यें महाराष्ट्रांत. कचेऱ्यांवर मराठी पाट्या चढल्या. त्या पाट्या हातीं ब्रश धरणाऱ्या रंगाऱ्यांनीं रंगविल्या. दुकानदाराचें नांव, त्यास साजेसें वळण, अक्षरामागें दिलेली सावली, आणि शेवटचें अक्षर मावेनासें झालें म्हणजे केलेली युक्ति, हें सारें त्या हातचें. आज त्या जागीं यंत्रानें छापलेलीं मोठीं कापडें फडकतात. वाढदिवस असो, निवडणूक असो, सर्वांचें अक्षर एकच. ह्यावर नुसता शोक करणें आम्हांस मान्य नाहीं. छापखाना आला तेव्हां हस्तलिखितें लिहिणारेही असेच हळहळले असतील. संगणकावरील मराठी अक्षराचेंही कोणी मनुष्यच चिंतन करीत असतो. सांगलीचे रघुनाथ कृष्ण जोशी हे कवि व सुलेखनकार, मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें त्यांनीं अक्षररचना शिकविली, आणि संगणकावर घरोघरीं पोंचलेला ‘मंगल’ हा टंक त्यांनीं घडविला. ते २००८ मध्यें वारले. जोडाक्षरांचें आणि तीन मजल्यांचें जें कोडें ग्रॅहमनें आणि आरूंनीं शिशांत सोडविलें, तेंच त्यांनीं विजेच्या ठिपक्यांत सोडविलें. हत्यार बदललें, कोडें तेंच राहिलें.

मग आमची तक्रार काय? येवढीच कीं आपण पाहत नाहीं. ज्या अक्षरासाठीं हिप्परग्याच्या शिक्षकांनीं फळ्यावर हात झिजविला तें अक्षर आज उमरग्याच्या पेठेंत शंभर जागीं आहे, आणि त्यांतील ऱ्हस्वदीर्घ चुकलें तरी कोणाची नजर अडत नाहीं. प्रत्येकाच्या खिशांत छायाचित्राचें यंत्र आहे, आणि नळदुर्गच्या धबधब्यापुढें उभा राहून मनुष्य पाठ धबधब्याकडे करून स्वतःचेंच छायाचित्र घेतो. साधनांचा दुष्काळ होता तेव्हां डोळा जागा होता. साधनांचा सुकाळ झाला आणि डोळा पेंगूं लागला, असें म्हणण्याची पाळी येऊं नये.

ह्यास उपाय खर्चाचा नाहीं. घरांतील जुनें पंचांग किंवा निर्णयसागरी पोथी मुलांपुढें उघडावी, आणि ‘क’ चा पोट कसा भरला आहे, ‘ळ’ चीं दोन वर्तुळें कशीं तोललीं आहेत, तें बोटानें दाखवावें. आज्याआजींच्या तसबिरीमागें त्यांचें नांव, गांव व साल शाईनें लिहून ठेवावें. मोटारस्थानकावर गाडीची वाट पाहतांना समोरच्या चार पाट्यांतील सर्वांत चांगली कोणती, आणि कां, हें मुलास विचारावें. उमरग्यास तर तीन लिप्या हजर आहेत. तेथील मुलाला ही परीक्षा मुंबईच्या मुलापेक्षां अधिक चांगली देतां यावी अशी आमची समजूत आहे.